ब्रेन डेड म्हणजे कोमा नव्हे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

अवयवदानाच्या बातम्यांत 'ब्रेन डेड रुग्णाची मृत्यूशी झुंज अखेर संपली' असं वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. कधी तर सरळ 'कोमात' असंच छापलेलं असतं. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. या गोंधळाची झळ नातेवाइकांना किती बसते हे रोज पाहते, म्हणून लिहिते आहे.

कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, त्यामुळे तो शुद्धीवर येण्याची आशा धरता येते. ब्रेन डेड झालेल्याच्या मेंदूचं काम, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठासकट, कायमचं थांबलेलं असतं. हा मृत्यूच आहे. हार्वर्डच्या समितीने त्याचे निकष १९६८ मध्ये मांडले आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांनीही तो मृत्यू मानला.

मग छाती वरखाली कशी होते, हात गरम कसा, असं घरचे विचारतात. विचारणारच! हवा व्हेंटिलेटर भरत असतो. ठोक्याचा इशारा हृदयातच तयार होतो, त्याला मेंदू लागत नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते काही काळ चालतं. मज्जारज्जूमुळे एखादं बोटही हलू शकतं. ते हललेलं बोट पाहून आईला काय वाटत असेल!

निदान घाईने होत नाही. गुंगीच्या औषधांचा अंमल नाही ना, शरीर फार थंड पडलेलं नाही ना, हे आधी पाहतात. मग मेंदू काही प्रतिसाद देतो का हे पाहायला डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून नळीने फक्त प्राणवायू देतात आणि छातीकडे पाहत थांबतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरवर गेला तरी एकही श्वास येत नाही, तेव्हाच ही चाचणी पूर्ण होते.

'व्हेंटिलेटर काढताच मृत्यू' असं छापून आलं, की अवयवदानाच्या संमतीवर सही करणाऱ्या मुलाला वाटतं, बापाला आपणच मारलं. ही टोचणी वर्षानुवर्षं जात नाही. आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीत 'कोमा' आणि 'झुंज' हे शब्द टाळावेत आणि डॉक्टरांनी ब्रेन डेड घोषित केलं तेव्हाच मृत्यू झाला असं लिहावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक परिचारिका