साडेसहा नंबरचे ग्लोव्हज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी 9 वर्षं सर्जन आहे. ओपीडीत माझ्यासमोर बसूनही नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येणार?’ सुरुवातीला लागायचं. पण अपेंडिक्सचा पेशंट बरा होऊन गेला की त्याच घरातली माणसं पुढच्या वेळी माझंच नाव विचारत येतात. लोकांबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या हाताला साडेसहा नंबरचे ग्लोव्हज लागतात. दर इंडेंटमध्ये, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीपत्रात, लिहिते. स्टोअरला येतात सात आणि साडेसात. ढिल्या ग्लोव्हचं टोक गाठीत अडकतं, खोलवरची रक्तवाहिनी बांधताना बोटांना अंदाज येत नाही. ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) कपडे बदलायच्या दोन खोल्या आहेत. एकीवर ‘डॉक्टर’, दुसरीवर ‘नर्सेस’. मी सिस्टरांच्या खोलीत जाते, त्या प्रेमानं जागा करून देतात. तोवर पुढची केस कोणती घ्यायची हे पलीकडच्या खोलीत ठरून गेलेलं असतं.

बाळंतपणात 180 दिवसांची रजा नियमानं मिळाली, बदली सर्जन मात्र मिळाला नाही. सहा महिने तालुक्यातला साधा हर्नियासुद्धा जिल्ह्याला रेफर झाला. लोकांचे हाल झाले आणि परत आल्यावर बोल लागला माझ्या रजेला.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं. आमच्या गेटवर कॅमेरा बसला. ड्युटी रूमच्या दाराची कडी मी स्वतः बाजारातून आणून सुताराकडून बसवून घेतली.

अशा ठिकाणी बाई सर्जन टिकत नाही, आणि त्याची किंमत बायकाच मोजतात. आपल्या देशात बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा. गाठ हाताला लागूनही पुरुष डॉक्टरला दाखवायच्या संकोचानं कित्येकजणी ती पदराआड झाकून ठेवतात. मूळव्याध, भगंदर तर जावेलाही सांगत नाहीत. गेल्या वर्षी एक बाई आल्या, गाठ फुटून जखम झालेली. ‘लेडीज डाक्टर हाय म्हनून कळलं, तवा आले,’ म्हणाल्या. त्यांचं गाव इथून 12 किलोमीटर. मी तेव्हा इथे आठ वर्षं होते, आणि त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे: प्रसूती रजेवरच्या सर्जनच्या जागी बदली माणूस द्या, ओटीत बाई डॉक्टरसाठी एक खोली द्या, आणि कोणत्या वारी बाई सर्जनची ओपीडी असते हे आशाताईंमार्फत प्रत्येक गावात कळवा. हे शेवटचं तर उद्यापासून करता येईल.

आपली,
एक शल्यचिकित्सक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)