तुझ्या गुडघ्याबद्दल

सांगली,
गौरी गेल्यानंतरचा रविवार

प्रिय शैले,

ललीच्या लेकीच्या मंगळागौरीला तू रात्रभर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्यास आणि येईल तिला "गुडघा धरलाय गं" म्हणून सांगत राहिलीस. त्याच गुडघ्यानं सकाळी तू लिफ्टची वाट न बघता ललीचे तीन मजले चढून आली होतीस, मी मागेच होते. हॉस्टेलच्या गच्चीवर फुगडीत पोरींना चक्कर आणणारी तू गुडघ्यापायी बसून राहशील? मी तेव्हाच ओळखलं, कारण माझाही 'गुडघा' सहा वर्षं असाच धरायचा.

परवा फोनवर तू अखेर बोललीस, तर मागे जावई येऊन बसले आणि विषय भेंडीच्या भावावर गेला. म्हणून हे पत्र. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी निसटते आणि डॉक्टरांनी लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी बसवायचं ऑपरेशन सुचवलंय, दिवाळीनंतर उरकून टाकते, इतकंच मला कळलं. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. पण त्याआधीचं काही तुला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

माझं आधी सांगते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी शिंक आली आणि नवीन अबोली साडी खराब झाली, तेव्हापासून कपाटात फक्त गडद साड्या. पर्समध्ये पॅड, जादा परकर, प्लास्टिकची पिशवी. एका डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "दोन बाळंतपणं, त्यात पाळी गेलेली, आता हे चालायचंच." मी मान डोलावून घरी आले. विज्ञान शिकवणारी बाई मी, पण प्रश्न विचारायची लाज वाटली. मग मोबाईलवर बघून वर्षभर मनानेच व्यायाम केले. फरक शून्य.

तो का, ते मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे कळलं. खास बायकांच्या या दुखण्यांचंच काम करते ती. हातमोजा घालून, विचारून, आतून बोटानं तपासलं आणि म्हणाली, "आवळा." मी जीव खाऊन आवळलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही खाली ढकलताय." अगं, वर्षभर मी दिवसातून शंभरदा उलटंच करत होते!

तिनं समजावलं ते असं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. बाळंतपणात ती ओढली जाते, वयानं सैलावते. बागेतली पाण्याची नळी फरशीवर पायानं दाबली तर पाणी थांबतं, चिखलात दाबली तर नळीच आत रुतते. आपली झोळी चिखल झालेली असते. खोकल्याचा दाब वरून आला की लघवीच्या नळीला टेकायला खाली घट्ट काही मिळत नाही. म्हणून ती फरशी पक्की करायची. १९४८ साली अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं या व्यायामावर लिहिलं, तेव्हापासून त्याचंच नाव चिकटलंय. आपल्या योगाच्या सरांचा मूळबंध बराचसा याच वाटेचा, फक्त सर श्वास रोखायला लावायचे आणि इथे श्वास चालू ठेवायचा.

चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळतो ना, तिथून सुरुवात. मग तेच पुढे, वर, आत ओढायचं. मांड्या, कुल्ले ढिले. एका वेळी निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि असं किमान तीन महिने. ब्रिटनमध्ये अशा बायकांना पहिला उपचार म्हणून हाच देतात, तोही शिकवणारं माणूस पाठीशी ठेवून. आधी तीन सेकंदसुद्धा धरवत नव्हतं, आता दहा धरवतात. शिवाय काही झटपट आवळ-सोड. लघवीची धार मध्येच थांबवून स्नायू कुठला हे एकदा ओळखावं फार तर. त्याचा रोजचा व्यायाम करू नये.

सकाळी मी हे कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून सुरू करायचे. सहा आठवडे काही नाही. चिडून सोडणार होते. दहाव्या आठवड्यात एकदा मिरच्यांची फोडणी करपली, घरभर खकाणा, आणि त्या मिरजेच्या मुलीनं शिकवलेली युक्ती आपोआप झाली: ठसका यायच्या आधी आवळायचं, आणि मग खोकायचं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, परकर कोरडा! मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसले, तेही आवळून. अजून जबर सर्दी झाली की पॅड लावते, खोटं कशाला सांगू. पण अबोली साडी परवा नेसले.

आता तुझं. उन्हाळ्यापासून तुला तो कोरडा खोकला आहे, हो ना? आणि बीपीची गोळीही तेव्हाचीच. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी काहींना असा खोकला लागतो. तुझी कुठली आहे बघ आणि बीपीच्या डॉक्टरांना विचार, बहुतेकदा दुसरी देता येते. मनानं बंद मात्र करू नकोस! दिवसभर खोकल्याचे ठोके पडत असतील तर फरशी टिकणार कशी? कुंथण्याचंही तेच, पोट साफ ठेव. पाणी तोडू नकोस, त्यानं लघवी दाट होऊन जळजळ आणि बद्धकोष्ठ वाढतो.

वजनाचं बोलले की तू रुसतेस, तरी सांगते. अमेरिकेत ३३८ जाड बायकांवर अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. सहा महिन्यांत ज्यांनी सरासरी ८ टक्के वजन उतरवलं त्यांची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, नुसती माहिती मिळालेल्यांची २८. सत्तर किलोला साडेपाच किलो. मी चारच उतरवलेत.

माझी नणंद व्यायामाला कंटाळली, तिनं आत बसवायची रिंग घेतलीय. आजीच्या काळी अंग बाहेर येई तेव्हा बसवत तसलीच, पण मऊ सिलिकॉनची, एका बाजूला गाठ, ती लघवीच्या नळीला आधार देते. माप डॉक्टरच घेतात. ती सकाळी फिरायला जाताना घालते, आल्यावर काढून धुते. पाळी गेल्यावर आतून कोरडं पडतं, त्याला इस्ट्रोजेनचं मलम असतं, डॉक्टरांना विचारून; त्यानं आग कमी होते, पण खोकल्याची गळती एवढ्यानं थांबेल असं धरू नकोस. ड्युलोक्सेटिन नावाची उदासीवरची गोळी युरोपात यावर देतात, पण मळमळ इतकी की अनेकजणी सोडतात. यावरच्या लेझर उपचाराच्या जाहिरातींना भुलू नकोस. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय.

आणि एक विचारायचं राहिलं. दाराला किल्ली लावतानाच जोराची लागते आणि पोचेपर्यंत होते, असंही होतं का? ते दुखणं निराळं, उपचारही निराळे. तीन दिवस वहीत लिही: किती प्यालीस, कधी गेलीस, कशानं निसटली. लघवी तपासून घे, जंतुसंसर्ग निघायचा. रक्त दिसलं तर मात्र माझं पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

तीन महिने नीट करून नाहीच जमलं तर खुशाल ऑपरेशन कर, मी सोबत राहीन. फक्त ती पट्टी कायमची असते आणि काढायची वेळ आली तर सोपं नसतं, एवढं आधी विचारून घे. इंग्लंडमध्ये २०१८ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं ती बसवणं थांबवलं होतं.

नवरात्रानंतर चार दिवस ये. मिरजेची वेळ मी घेऊन ठेवते, तपासताना बाहेर बसते, नाहीतर तू म्हणशील तर आत. जावयांनी विचारलं तर सांग, गुडघा दाखवायला चाललेय.

तुझी,
मंदा