मोरीच्या पोटातली पिल्लं

पेडणे, गोवा
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय शैला,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. तिथे ओसाकाला जावयाच्या ऑफिसच्या जेवणात लाल मांसाचे पातळ काप आले, तू मासाच समजून एक तोंडात टाकलास, आणि मग कुणीतरी सांगितलं, 'कुजिरा'. देवमासा. "सुमे, मला पाप लागलं का गं?" असं विचारलंस आणि लगेच पुढच्या ओळीत, "पण आपण तरी नुस्तं, मासे, कुठे कमी खातो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही लागलं. न कळत खाल्लेल्या घासाचं ओझं मनावर घेऊ नकोस. माझे दहा दिवस गेले ते दुसऱ्या प्रश्नापायी.

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, याच शिकवणीत आपण वाढलो. शेजारून नाताळात कुस्वारचा फराळ यायचा, चवथीला आपल्याकडच्या नेवऱ्या तिकडे जायच्या. त्यांच्या घरात शिजणाऱ्या मांसाबद्दल आजीने कधी नाक मुरडलं नाही, आणि आमच्या सोमवारच्या शिवराकाची, बिनमाशाच्या जेवणाची, त्यांनी कधी थट्टा केली नाही. म्हणून जपानी माणूस 'हे आमचं अन्न आहे' म्हणतो तेव्हा मला पटकन 'खाऊ नका' म्हणवत नाही. ताइजी गावात 1606 पासून संघटितपणे देवमाशाची शिकार होत आली. युद्धानंतर देश उपाशी होता तेव्हा शाळेत पोरांच्या ताटात हेच मांस वाढलं जायचं. त्या पिढीतल्या आजोबांना त्या वासाने शाळा आठवत असेल, तर त्यांना राक्षस कसं म्हणू?

तरीही माझं मन 'नको' म्हणतं. का, ते शोधत मागे गेले आणि आईच्या आदोळीपाशी, विळीपाशी, येऊन थांबले.

आपण सातवीत असू. आईने बाजारातून मोरी, म्हणजे छोटा शार्क, आणली होती, आंबट-तिखाला. तू पाट्यावर मिरच्या-धणे वाटत होतीस, आठवतं? आईने पोट चिरलं आणि आतून बोटाएवढी पिल्लं बाहेर आली. गाबोळी नव्हे, पिल्लं. डोळे, पर, शेपूट सगळं झालेलं, आणि प्रत्येकाच्या पोटाला बारीक नाळ. आई आदोळीवरून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "ही बाळंत व्हायची होती." कालवण झालं, सगळे जेवलो. पण त्यानंतर आईच्या हाताने मोरी कधी घरात आली नाही. विचारलं की म्हणायची, "बाजारात बांगडे आहेत ना?"

तेव्हा वाटायचं, आई हळवी आहे. आता वाटतं, तिने एका वाक्यात सगळा हिशेब सांगितला होता. बांगड्याची मादी लाखाच्या घरात अंडी टाकते आणि पोर वर्षा-दोन वर्षांत वयात येतं. देवमाशाची मादी जवळजवळ वर्षभर एकच पिल्लू पोटात वाढवते, जन्मल्यावर महिनोन्‌महिने दूध पाजते, आणि मोठ्या जातींमध्ये पुढचं पिल्लू दोन-तीन वर्षांनी. नावात मासा असला तरी तो मासा नाहीच, हे शाळेतच शिकलो होतो. बांगड्यालासुद्धा आपण 1 जून ते 31 जुलै समुद्र मोकळा ठेवतो. देवमाशाला किती वर्षं मोकळा ठेवायचा? विसाव्या शतकात माणसाने जवळजवळ 29 लाख देवमासे मारले. 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात 29,000 च्या वर निळे देवमासे. एवढं गेल्यावर कुठे 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला आणि 1986 पासून तो लागू झाला. जपान पुढे संशोधनाच्या नावाखाली मारत राहिला. अंटार्क्टिकातली ती शिकार संशोधनासाठी नाही, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2014 मध्ये दिला. 2019 मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला आणि आता स्वतःच्या समुद्रात उघडपणे मारतो. तुझ्या ताटात आलं ते तिथलंच असेल असं नाही, आइसलँड-नॉर्वेचंही असतं.

पण समज, उद्या देवमासे पुन्हा भरपूर झाले. मग चालेल का? यावर मी फार विचार केला, आणि मोजणीच्या पलीकडची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हलत्या बोटीवरून, हलत्या पाण्यात, क्षणभर वर आलेल्या पाठीवर भाला डागायचा. त्याच्या टोकाला स्फोटक. नॉर्वेत 2011-12 मध्ये याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. शेकडा 82 देवमासे जागीच गेले. ऐकायला बरं वाटतं. उरलेल्या 18 पैकी निम्म्यांना मरायला सहा मिनिटांपर्यंत लागली, बाकीच्यांना त्याहून जास्त, काहींना कितीतरी जास्त. हे जगातले सगळ्यांत तरबेज शिकारी. घड्याळ लावून सहा मिनिटं गप्प बसून बघ, शैला. मी बसले होते, काल रात्री. बाहेर पाऊस होता. चौथ्या मिनिटाला उठावंसं वाटलं.

अलास्काचे इन्युपियाक लोक धनुष्यडोक्या देवमाशाची शिकार करतात, त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. बर्फात शेती नाही, आणि एका देवमाशावर अख्खं गाव जगतं. भुकेपुढे मी कोण? तुझ्या जेवणात भूक नव्हती, मेनूवर आणखी वीस पदार्थ होते.

आणि हे सगळं दूरचं आहे असंही समजू नकोस. आपल्याच अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक कळप आहे, जो इतरांसारखा ध्रुवाकडे जात नाही, बारा महिने इथेच राहतो. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ त्यातले दोनशेच्या वर मारले आणि जगाला सांगितलंच नाही. खरे आकडे बाहेर यायला नव्वदचं दशक उजाडलं. आज ओमानच्या बाजूला शंभरसुद्धा उरले नसावेत असा अंदाज आहे. 2017 मध्ये तिथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, तिचं नाव लुबान. ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत ओमानला गेली. आपण दारात उभ्या राहून पाऊस बघत असतो तो हाच समुद्र. ती कुणाची म्हणायची? ओमानची, आपली? म्हणूनच 'आमच्या समुद्रातला, आमचा' हे मला पटत नाही. कोंबडी ज्याच्या परसात त्याची असते. लुबानला परस नाही.

आता परंपरेबद्दल. इथे मी बाहेर बोट दाखवायच्या आधी आपल्याकडे बघते. मोरजीच्या वाळूतली कासवाची अंडी आपल्या लहानपणी सर्रास खाल्ली जायची, तुझ्याही घरी आणि माझ्याही. तीही परंपराच होती. मग 1997 च्या सुमारास राखण सुरू झाली, आणि आज त्याच गावातली माणसं रात्री जागून अंडी सांभाळतात, पिल्लं पाण्यात सोडताना पोरंबाळं जमतात. अंडी गेली म्हणून मोरजीचं मोरजीपण गेलं का? माणक्यांचं, म्हणजे मोठ्या बेडकांचं, मात्र अजून थांबलेलं नाही. पहिला पाऊस पडला की बॅटऱ्या घेऊन शेतात बेडूक धरायला जाणारे आहेत, वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा असूनही. माझा सख्खा चुलतभाऊ जायचा. मी त्याच्याशी भांडले, दोन वर्षं बोलणं बंद होतं. तुझ्या त्या जपानी यजमानांशी भांडायचा हक्क मला त्या भांडणानंतरच वाटायला लागला.

तू लिहिलंस, पुन्हा कुणी वाढलं तर काय सांगू? आपण इथे 'आज शिवराक' म्हणून सुटतो, कुणी वाईट वाटून घेत नाही. तिथे तसं सांगू नकोस. खरं सांग. सांग की आमच्या भाषेत याला देवाचा मासा म्हणतात, आणि आमच्या किनाऱ्याला एखादा मेलेला लागला तर म्हातारे रापणकार त्याच्यापुढे नारळ ठेवतात. आठवतो ना केरीचा तो? आपण बाबांबरोबर गेलो होतो. गळ्याखालच्या चुण्या, साडीच्या निऱ्यांसारख्या, एकसारख्या, पोटापर्यंत गेलेल्या. तू त्यांच्यावर हात ठेवलास आणि रडलीस. मी रडले नाही, मला नुसता वास येत होता. तुलाच विसरायला झालं असेल, म्हणून आठवण करून देते.

आणखी एक. तुझ्या देशात (आता तुझाच तो) नागातो नावाचं शहर आहे. तिथल्या कायोई गावात 1692 मध्ये बांधलेली देवमाशांची समाधी आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात सापडलेली सत्तरच्या वर पिल्लं तिथे पुरली आहेत. मेलेल्या माणसाला देतात तशी देवमाशांना मरणोत्तर नावं देऊन त्यांची वहीसुद्धा ठेवलेली आहे. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या शिकाऱ्यांच्या बायकांनीही पोट चिरल्यावर तेच पाहिलं असेल जे आईने पाहिलं.

ओसाकाहून लांब आहे, पण कधी जमलं तर जा. एक फूल माझ्या नावाने ठेव, एक आईच्या.

कोकमं आणि सुकी सुंगटं पार्सलाने पाठवली आहेत. मिळाली की कळव.

तुझीच,
सुमन