एंट्रॉपी हे पाचवे बल नव्हे

मा. संपादक,
स.न.

विश्वाच्या अंताविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख दोनदा वाचला. भाषा ओघवती, चित्रेही देखणी. पण ‘गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, प्रबळ व क्षीण या चार मूलभूत बलांच्या जोडीला एंट्रॉपी हे पाचवे बल विश्व विस्कटत असते’ हे वाक्य ठळक चौकटीत पाहिले आणि राहवले नाही. फळ्यावर हा गैरसमज पुसण्यात माझी उभी नोकरी गेली आहे.

एंट्रॉपी ही मोजदाद आहे. बाहेरून एकसारखी दिसणारी स्थिती आतल्या कणांच्या किती निरनिराळ्या मांडण्यांतून साधते, त्याचा हिशेब. व्हिएन्नाच्या दफनभूमीत भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमान यांच्या थडग्यावर कोरलेले सूत्र हेच सांगते. विद्युतभाराभोवती जसे दुसऱ्या भारावर बल लावणारे क्षेत्र असते, तसे एंट्रॉपीचे स्वतःचे क्षेत्र नाही.

तरी लेखकमहाशयांना पूर्ण दोष देता येत नाही, कारण एंट्रॉपीपोटी ओढ निर्माण होते हे खरे आहे. अकरावीच्या वर्गात मी रबरबँडांची साखळी खुंटीला टांगून खाली वजन अडकवायचो. साखळी तिपटीने ताणली की विचारायचो, ‘आता हिला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तर वजन वर जाईल की खाली?’ सगळे म्हणायचे, खाली. एका लोहाराच्या पोराने तर पैजच लावली. त्याच्या घरी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून, फुगवून बसवताना त्याने शंभरदा पाहिले होते. मग मी गरम हवा सोडायचो आणि वजन हळूच दीडेक सेंटीमीटर वर सरकायचे. त्या पोराने आधी खुंटी तपासली, मग माझे हात!

रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. सरळ ताणलेली साखळी मोजक्याच तऱ्हांनी मांडता येते, गुंतवळ मात्र असंख्य तऱ्हांनी होते. उष्णतेने हलणारे रेणू आपोआप गुंतवळीकडे झुकतात आणि आपल्याला बोटाला ओढ जाणवते. म्हणून ती ओढ निरपेक्ष तापमानाच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून मोजलेल्या) प्रमाणात वाढते. तळाशी अणूंचे जे काही चालते ते विद्युतचुंबकीयच. या ओढीसाठी निसर्गाला पाचवे क्षेत्र लागत नाही.

‘गुरुत्वाकर्षण गोळा करते, एंट्रॉपी विखुरते, दोघांचे युद्ध चालू आहे’ हे लेखातील विधानही तपासायला हवे. वायूचा ढग आकुंचन पावून तारा होतो तेव्हा जागा कमी व्यापल्याने एंट्रॉपी घटते खरी. पण तो ढग तापतो आणि प्रकाश बाहेर टाकतो. त्या प्रकाशाबरोबर गेलेली एंट्रॉपी जमेस धरली की एकूण बेरीज वाढलेलीच निघते. युद्ध कसले, गुरुत्वाकर्षण तर एंट्रॉपी वाढवायची वाट उघडून देते.

प्रकाशाला एंट्रॉपी असते, हे नुसते हिशेबापुरते नाही. १९०० मध्ये प्लांक याच हिशेबात गुंतले असताना पुंजाची, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या गठ्ठ्यांची, कल्पना हाती आली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनना विरळ प्रारणाची (प्रकाशाची) एंट्रॉपी आकारमानानुसार अगदी वायूसारखी बदलताना दिसली. त्यावरून त्यांनी प्रकाशाचे कण सुचवले. म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र आतून कणांचे आहे, हे एंट्रॉपीनेच दाखवले.

गुरुत्वाकर्षणाचेही अंतरंग एंट्रॉपीतून उलगडेल का, हा आजचा खरा प्रश्न आणि लेखात तो दोन ओळींत उरकला आहे. १९७२ च्या सुमारास बेकनस्टाइन यांनी कृष्णविवराला एंट्रॉपी असते असे मांडले. १९७४ मध्ये हॉकिंग यांनी त्याला तापमान असल्याचे दाखवले. नवल असे की ही एंट्रॉपी आकारमानाच्या प्रमाणात नसून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एंट्रॉपी आपल्या सूर्याच्या एंट्रॉपीच्या, एकावर सुमारे एकोणीस शून्ये द्यावीत, इतके पट निघते. १९९५ मध्ये टेड जेकबसन यांनी उष्णता आणि एंट्रॉपीच्या नात्यातून आइन्स्टाइनची गुरुत्वाची समीकरणेच काढून दाखवली.

इथे माझी खरी तक्रार. आपल्या लेखात गुरुत्वाकर्षणाचे मूळ एंट्रॉपीत शोधण्याचा हा विचार एकट्या डच शास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंडे यांच्या नावावर, २०१० पासून सुरू झाल्यासारखा लिहिला आहे. त्यांचे काम गाजले आणि त्यावर आक्षेपही कडक आले. पण पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बसून थाणू पद्मनाभन यांनी २००२ मध्येच दाखवले होते की क्षितिजापाशी (कृष्णविवराच्या, जिथून काहीच परत येत नाही अशा सीमेपाशी) आइन्स्टाइनची समीकरणे उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राच्या, सूत्राचे रूप घेतात. त्यांचा युक्तिवाद साधा होता : जे तापते त्याला आत सूक्ष्म घटक असतात. अवकाश-काल तापू शकत असेल, तर त्यालाही ‘अणू’ असले पाहिजेत. ते अणू अजून कोणी पाहिलेले नाहीत आणि गुरुत्वाकर्षण रबरासारखे आहे असे सिद्धही झालेले नाही. पद्मनाभन १७ सप्टेंबर २०२१ रोजी गेले. पुण्याच्या माणसाचे नाव मराठी पुरवणीत नसावे, आणि ते मिरजेच्या म्हाताऱ्याने कळवावे!

खुलासा छापणार असाल तर तोही ठळक चौकटीतच छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, मिरज