तक्रार पत्र: पाच तारांच्या बेस गिटारची पिळलेली नेक (दांडी)

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

डोंबिवली (पूर्व), दि. ४ ऑगस्ट २०२५

विषय: नवीन बेस गिटारमधील दोषाबाबत आणि वाद्य बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या संकेतस्थळावरून २ जून २०२५ रोजी केलेली खरेदी, माझ्या १४ जून व १२ जुलैच्या तक्रारी, आपले २५ जुलैचे ई-मेल.

महोदय / महोदया,

२५ जुलैचे आपले उत्तर मी तीनदा वाचले. पावसाळ्यात लाकूड थोडेफार हलतेच, तारा किती उंच ठेवायच्या ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे, आणि माझ्याकडे आणखी तीन बेस असल्यामुळे माझे काम अडण्याचे कारण नाही, असे आपण कळवले आहे. पहिल्या दोन मुद्द्यांना मी मोजमापांनी उत्तर देतो. तिसऱ्या मुद्द्याने मला मनापासून वाईट वाटले. वाद्ये विकणाऱ्या कंपनीकडून हे वाक्य येईल असे मला वाटले नव्हते.

मी बावीस वर्षे बेस वाजवतो. भावगीतांचे कार्यक्रम, जुन्या हिंदी गाण्यांचे वाद्यवृंद, अभंग, गझल, मिळेल ते आणि जमेल तितके चांगले. यावरच माझे घर चालते. ६४,५०० रुपयांचा हा बेस मी हौसेखातर घेतलेला नाही. दोन गणेशोत्सवांचे मानधन बाजूला ठेवून घेतला आहे.

पाचवी तार मला का हवी होती ते सांगतो. आपल्याकडे पट्टी, म्हणजे गाण्याचा सा हार्मोनियमच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते, गायक ठरवतो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ध्वनीचाचणीला आल्यावर गायक म्हणतात, आज घसा जरा बसलाय, काळी दोनऐवजी काळी एक घेऊ. कीबोर्डवाला एक बटण दाबतो, मला मात्र सगळे गाणे हातात नव्याने बसवावे लागते. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर म्हणजे पांढरी तीन, साधारण ४१ हर्ट्झ. पट्टी पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोन असली की पांढरी तीनच्या खालचा तो सा माझ्या वाद्यात नसतोच. समेवर खाली उतरायचे असते आणि मी वर चढतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण गाणे जमिनीवर टेकले नाही एवढे त्याला जाणवते. पाचवी तार पांढरी सातची, सुमारे ३१ हर्ट्झची. तिच्यावर हे तिन्ही सा मिळतात. एवढ्यासाठी मी वर्षभर पैसे साठवले.

वाद्य ९ जूनला आले. बाहेरची आणि खोलीतली हवा लाकडाला सोसावी म्हणून एक दिवस केस उघडलीसुद्धा नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत दोन गोष्टी लक्षात आल्या. सर्वांत बारीक तार, म्हणजे जी, पहिल्या पाच फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) किरकिरत होती. आणि सर्वांत जाड तार मधल्या फ्रेटांवर इतकी उंच होती की ती दाबताना सूर चढायचा. मोकळी तार ट्यूनरवर अचूक लावून सातव्या फ्रेटवर दाबली तर काटा १५ सेंट वर जातो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). शेजारी हार्मोनियम असताना १५ सेंट चढा बेस म्हणजे उघड बेसूर.

मग मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर फीलर गेजने (बारीक फटी मोजायच्या पात्यांनी) मोजले. जी तारेखाली ०.१ मिलिमीटर भरले. जाड बी तारेखाली ०.८ मिलिमीटर. हेडच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूने नेकवरून नजर टाकली तर नट (हेडपाशी तारा टेकतात ती पट्टी) आणि शेवटचा फ्रेट एका पातळीत दिसत नाहीत. एक कड सरळ आहे, दुसरी खोल गेली आहे. नेक पिळलेली आहे.

१४ जूनला हे सगळे फोटोंसह कळवले. पोच सहा दिवसांनी मिळाली. २० जूनला आपल्या तंत्रज्ञांनी फोनवरून ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव फेरा घट्ट करायला सांगितला, तो मी केला. जाड तार किंचित खाली आली आणि जी तार आणखी किरकिरू लागली. रॉड सैल केला की उलटे होते. असे होणारच, कारण ट्रस रॉड नेकला मागे-पुढे वाकवतो, पीळ काढत नाही. पाच तारांचा मिळून ताण नव्वद ते शंभर किलोंच्या घरात जातो. तो ताण तोलणे एवढेच रॉडचे काम आहे. लाकूडच कापताना किंवा वाळवताना चुकले असेल तर कुठलीही किल्ली फिरवून उपयोग नाही. आपल्या तंत्रज्ञांना हे ठाऊक नसेल असे मी मानत नाही.

१ जुलैला मी वाद्य आपल्या मुंबईच्या सेवा केंद्रात नेऊन दिले. दुपारच्या लोकलने, केस उभी धरून, दारापाशी. १० जुलैला ते परत मिळाले. सोबतच्या चिठ्ठीवर सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळवणी) केल्याचे लिहिले होते, बाकी काही नाही. केंद्रात दोन्ही बाजूंचे सॅडल (ब्रिजवरचे, म्हणजे घोडीवरचे, तारांचे आधार) वर चढवले होते. किरकिर थांबली, पण आता पाचही तारा इतक्या उंच आहेत की अर्ध्या तासात डाव्या हाताचे मनगट भरून येते, आणि सूर आधीपेक्षा जास्त चढतो. आठव्या फ्रेटवरची मापे जिथल्या तिथे आहेत. दोष झाकला गेला आहे, काढलेला नाही.

आता आवडीचा मुद्दा. आवड काय असते हे मला माहीत आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीने वाजवायचा, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांवर. दुसरा अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियस, त्याचे नाव फ्रेट नसलेल्या बेसशी कायमचे जोडले गेले आहे. दोघांची वाद्ये एकाच कारखान्याच्या परंपरेतली, आवाज मात्र दोन टोकांचे. माझा उजवा हात हलका आहे. मला बाराव्या फ्रेटवर बारीक तार २ मिलिमीटर आणि जाड तार अडीच मिलिमीटर उंच आवडते. दुसऱ्याला याहून उंच हवी असेल, तीही बरोबरच. पण आवड म्हणजे ठरवता येणारी गोष्ट. ज्या वाद्यावर एका कडेची तार नीट बसवली की दुसऱ्या कडेची बिघडते, तिथे मी काहीच ठरवू शकत नाही. आवडीवर बोलण्याआधी नेक सरळ असावी लागते.

पावसाळ्याबद्दल माझ्याकडे चार साक्षीदार आहेत. माझे तीन जुने बेस याच खोलीत, याच भिंतीला टांगलेले असतात. खोलीतला आर्द्रतामापक जून-जुलैत ७० ते ८० टक्क्यांच्या मध्ये असतो. पावसाळा लागला की तिघांचाही रॉड मी अष्टमांश फेरा हलवतो आणि दिवाळीनंतर परत आणतो. तेवढ्याने भागते. १४ जूनलाच तिघांची मापे त्याच गेजने घेतली आहेत. दोन्ही कडांतला फरक एकाही वाद्यावर ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. चौथा साक्षीदार माझ्या आईचा मिरजेचा तंबोरा. त्याची तुणीच्या लाकडाची दांडी माझ्या वयापेक्षा जुनी आहे आणि आजही सरळ आहे. मिरजेचे कारागीर लाकूड वर्षानुवर्षे मुरू देतात, मगच त्याला हात लावतात, असे आई सांगायची. पाऊस डोंबिवलीत सगळ्यांवर सारखाच पडतो. पिळला तो फक्त आपला बेस, आणि तोही घरी आल्यापासून पाच दिवसांत.

आणि आता ते तिसरे वाक्य. माझ्याकडे तीन बेस आहेत म्हणून चौथा बिघडलेला चालेल, असा त्याचा अर्थ होतो. त्या तिघांविषयी थोडे लिहितो, म्हणजे अर्थ का चुकतो ते कळेल.

पहिला फेंडर कंपनीच्या १९५७ नंतरच्या प्रिसिजन बेसच्या धाटणीचा, एकच दुभंगलेला पिकअप (तारांचे कंपन टिपणारे चुंबक) असलेला. त्यावर अकरा वर्षांपूर्वीच्या फ्लॅटवाउंड तारा आहेत आणि ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा. तो भावगीतांचा. तबल्याचा डग्गा आणि बेस एकाच खालच्या घरात राहतात. बेसचा सूर लांबला की डग्ग्याची मींड बुडते. या वाद्याचा सूर उमटतो आणि लगेच बाजूला होतो. माझ्या पहिल्या गुरूंनी हात आखडल्यावर तो मला दिला. त्याच्या तारा मी जाणूनबुजून बदललेल्या नाहीत.

दुसरा फेंडरच्याच १९६० साली आलेल्या जॅझ बेसच्या घडणीवर केलेला, दोन पिकअपचा, नटपाशी अरुंद. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हिंदी गाण्यांत जिथे बेस नाचत वाजतो, तिथे हाच लागतो. तिसऱ्याला फ्रेट नाहीत. गझलेत गायक रिषभावरून गंधारावर घसरत जातो तेव्हा फ्रेट असलेला बेस पायऱ्या चढल्यासारखा वाटतो. फ्रेट नसलेला बेस गायकाच्या सोबत जातो. तो वाजवायला मला सहा वर्षे कानाची मेहनत घ्यावी लागली.

यांतला एकही दुसऱ्याचे काम करत नाही, आणि पांढरी तीनच्या खालचा सा तिघांपैकी कोणाकडेच नाही. तबलजीकडे चार पट्ट्यांचे चार तबले असतात, बासरीवाला पिशवीभर बासऱ्या घेऊन येतो. त्यांना कोणी विचारत नाही की एवढे कशाला. वादक अनेक वाद्ये घेतो तो गाण्याच्या गरजेने. आपण स्वतः चार, पाच आणि सहा तारांचे बेस वेगवेगळे बनवून विकता, ते याच गरजेवर. विकताना हे मान्य आणि तक्रार आली की अमान्य, हे मला पटत नाही. आणि माझ्याकडे वाद्ये किती आहेत यावर, विकलेल्या वाद्याची आपली जबाबदारी कमी-जास्त होत नाही.

आपल्या सेवा केंद्रातून फोनवर असेही सुचवले गेले की वाद्य व्यवसायासाठी वापरत असल्याने हमी लागू होईल का, ते पाहावे लागेल. आपल्या हमीपत्रात अशी अट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानलेली नाही. वाद्य मीच वाजवतो, भाड्याने देत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे होते. १४ जूनपासून आज ५१ दिवस झाले आहेत.

माझी मागणी साधी आहे. हे वाद्य आपल्या खर्चाने परत न्यावे आणि त्याच जातीचे दुसरे द्यावे, निघण्यापूर्वी नेकची दोन्ही कडांची मापे घेऊन, ती लेखी सोबत जोडून. तसे वाद्य शिल्लक नसेल तर ६४,५०० रुपये माझ्या बँक खात्यात परत करावेत. पुढच्या खरेदीसाठीचे कूपन मी स्वीकारणार नाही. पुन्हा सेटअपसाठीही वाद्य पाठवणार नाही, कारण त्याने काय होते ते एकदा पाहिले आहे. सेवा केंद्राने १ ते १० जुलैदरम्यान वाद्यावर नेमके काय काम केले आणि कोणती मापे घेतली, त्याची प्रतही हवी आहे.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. ३० ऑगस्टच्या कार्यक्रमात सात गाणी पांढरी दोन आणि तिच्या खालच्या पट्टीत आहेत. ती या वाद्यासाठीच बसवली होती. आता ती मी चार तारांवर पुन्हा बसवतो आहे आणि समेला सूर वरचाच घेतो आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी निर्णय न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

खरेदीची पावती, मापांचे फोटो, जुन्या तिन्ही वाद्यांची १४ जूनची मापे आणि सेवा केंद्राची चिठ्ठी यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वाद्य सध्या केसमध्ये, तारा सैल करून ठेवले आहे. न्यायला येणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी फोन करावा. सकाळी माझा रियाज असतो, दुपारी दोननंतर मी घरी भेटेन.

आपला ग्राहक,
एक बेसवादक
डोंबिवली (पूर्व)