ताप उतरला, तरी औषध थांबवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओजसचा ताप उतरला, तो पूर्वीसारखा जेवू लागला, मग अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारे औषध) आणखी आठवडाभर कशासाठी पाजायचे, असे बाबांनी काल फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टॉन्सिलला सूज बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. अशा वेळी नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो, आणि प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. ओजसचे तसे नव्हते. सर्दी-खोकला नसताना त्याला एकाएकी ताप चढला, आवंढा गिळताना तो रडत होता, जबड्याखालच्या गाठी हात लावताच दुखत होत्या आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. ही लक्षणे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घेण्याजोगी असली, तरी नुसते पाहून खात्री होत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी घशातला स्वॅब तपासून घेतला आणि त्यात हा जिवाणू आढळल्यावरच औषध लिहून दिले.

हा घसा औषधाविनाही आठवडाभरात बरा वाटू लागतो. खरी धास्ती त्यानंतरची आहे. जिवाणूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. यालाच रुमॅटिक फीवर म्हणतात. ५ ते १५ या वयात त्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि सांधे पूर्ण बरे झाले तरी हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते. आपल्या देशात आजही कित्येक तरुण माणसांवर झडपेची शस्त्रक्रिया करावी लागते, ती या लहानपणीच्या दुखण्यापायी. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू करून ते पूर्ण १० दिवस दिले, तर हा धोका बहुतांशी टळतो. म्हणून, बाबा, एकही मात्रा चुकवू नका. पाण्यात कालवलेले औषध बहुधा आठवडाभरच टिकते; तेव्हा बाटलीवरची सूचना वाचून दुसरी बाटली आधीच आणून ठेवा.

आईचे हळदीचे दूध आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या अवश्य चालू ठेवा, त्याने आराम पडतो. घशात बोट घालून गाठी दाबण्याचा उपाय मात्र कोणीही सुचवला तरी करू देऊ नका. ताप परत आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल द्या. बाबांच्या गोळ्यांमधली ॲस्पिरिन मुलांना देत नाहीत. तोंड उघडेनासे झाले, लाळ गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या.

टॉन्सिल काढून टाकण्याचा विचार आत्ताच नको. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा असे दुखणे आले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ओजसचे हे दुसरेच आहे.

त्याचा पेला, चमचा आणि टॉवेल वेगळा ठेवा, आणि सर्वांनी साबणाने हात धुवा. आई, तुझाही घसा खवखवतो असे तू ओझरते म्हणालीस. त्याच्या बाटलीतले औषध घेऊ नकोस, डॉक्टरांना दाखव. या वयात एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला दिसला किंवा दुखणे तीन आठवड्यांवर रेंगाळले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेच लागते.

कळावे.

तुमची,
मीना