लाईट गेली तरी तारेत करंट असू शकतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लाईट जाणे नित्याचेच असल्याने 'आत्ता लाईट नाहीच, तोवर तेवढा पॉइंट करून घ्या' असे घरमालक सहज सांगतात, आणि वायरमनही मेन स्विच न पाडता शिडीवर चढतो. लाईट कोणत्या क्षणी परत येईल हे दोघांनाही ठाऊक नसते.

मेन स्विच पाडला तरी काम संपत नाही, हे मी गेल्या वर्षी शहापुरातील एका घरी शिकलो. माझा मदतनीस पंख्याच्या तारेला हात लागताच शिडीवरून खाली आला. जिन्याखालच्या इन्व्हर्टरची फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी तार, त्याच बोर्डात आणलेली होती. मनगट मुरगळण्यावर निभावले, पण चूक माझी होती, कारण मी टेस्टर शेजारच्या तारेला लावून समाधान मानले होते.

टेस्टरवरही पूर्ण विसंबता येत नाही. त्यातला बारीक दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी लाकडी शिडी किंवा समोर लख्ख ऊन असेल, तर तो पेटलेला दिसेलच असे नाही. म्हणून तपासणीचे साधन आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या तारेवर आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावून पाहावे. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असल्यास उत्तम, मात्र केवळ फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये मोजून थांबू नये; न्यूट्रल तुटलेला असेल तर तिथे काहीच दिसत नाही आणि फेजवर 230 व्होल्ट तसेच असतात, तेव्हा फेज आणि अर्थिंगमध्येही मोजावे.

जुन्या घरांत फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवण्याची पद्धत होती आणि ती चांगली होती. आता एमसीबीला (फ्यूजच्या जागी आलेल्या, आपोआप पडणाऱ्या स्विचला) छोटे कुलूप लावता येते, पण ते बहुतेकांच्या पिशवीत नसते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत दोन्ही भाषांचे कामगार असतात, तेव्हा 'काम चालू आहे, स्विच लावू नये' ही पाटी कन्नड आणि मराठी दोन्हींत हवी. या एका बाबतीत तरी भाषेचा वाद नसावा.

घरमालकांना एवढीच विनंती, की इन्व्हर्टर कुठे आहे आणि त्यावर कोणकोणते पॉइंट आहेत, हे कागदावर लिहून मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवावे.

आपला,
एक वायरिंग ठेकेदार, बेळगाव